दुसरा रेडिओ

वर्षातून दोनदा, कॉन्टेस्टच्या आधीच्या रविवारी, ते सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दारात उभे राहत आणि पुढच्या शनिवार-रविवार लिफ्ट बंद ठेवायला सांगत. ती विनंती नसे. लिफ्टच्या मोटारीमुळे त्यांच्या रेडिओवर खरखर येते, त्या खरखरीत ऑस्ट्रेलिया बुडतो आणि ऑस्ट्रेलिया बुडाला तर नुकसान देशाचं होतं, अशा पायऱ्या चढत ते लिफ्टपर्यंत पोहोचत. सेक्रेटरी मुलुंडमधलाच कापडाचा व्यापारी, स्वभावाने थंड. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि दर वेळी एकच विचारायचा, "काका, तुम्ही ऑस्ट्रेलियाला हॅलो बोलणार म्हणून तिसऱ्या माळ्यावरच्या बांनी जिना चढायचा काय?"

"चढावा. व्यायाम होईल," असं उत्तर त्यांनी एकदा दिलं. त्या बा म्हणजे गुजराती आजी, त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले होते.

लिफ्ट कधी बंद झाली नाही. ऑस्ट्रेलियाही कधी बुडाला नाही.

आम्ही त्यांना ओएम म्हणायचो. हॅम रेडिओवाले एकमेकांना 'ओल्ड मॅन' म्हणतात, त्याची ही दोन आद्याक्षरं. जगभर कुठल्याही पुरुषाला ती लावतात, वीस वर्षांच्यालासुद्धा. मुलुंडच्या त्या गच्चीखालच्या खोलीत मात्र ती एकाच माणसासाठी राखीव होती. एकदा आमच्यातल्या परबाने मला सहज 'ओएम, चहा घे' म्हटलं, तर त्यांनी हेडफोन काढून, "कोणाला म्हणालास?" असं विचारलं होतं.

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना काढून, हौस म्हणून, घरातून जगाशी बिनतारी बोलणं. कॉन्टेस्ट ही त्या बोलण्याची शर्यत. ठरलेल्या दोन दिवसांत जितक्या देशांतल्या जितक्या लोकांशी बोलता येईल तितकं बोलायचं. त्यात गप्पा नसतात. एकाने हाक घालायची, ऐकणाऱ्याने आपलं सांकेतिक नाव सांगायचं, दोघांनी एकमेकांना 'फाइव्ह नाइन' म्हणायचं, म्हणजे तुमचा आवाज उत्तम येतोय. आवाज उत्तम येत नसला तरी हेच म्हणायचं. मग थँक यू, आणि पुढचा. ज्यांना यात काही अर्थ दिसत नाही त्यांच्याशी वाद घालण्याचं कारण नाही.

ओएम टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. तारा कशा टाकल्या, एक्सचेंज कशी उभी केली, हे ते इतक्या तपशिलाने सांगत की ऐकणाऱ्याला त्यांच्या हातावर घट्टे शोधावेसे वाटत. ते भांडार विभागात होते. तारांची रिळं त्यांच्या सहीने बाहेर पडत, इतका त्यांचा तारांशी संबंध.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. 'सिग्नल म्हणजे संस्कार.' 'बोलतो तो हौशी, ऐकतो तो हॅम.' 'कान घडवावे लागतात.' आणि सर्वांत लाडकं, 'आधी आपलं अंगण झाडा, मग शेजाऱ्याकडे बघा.' हे शेवटचं वाक्य ते शेजाऱ्याच्या दारात उभे राहून म्हणत. संध्याकाळी हातात छोटा ट्रान्झिस्टर घेऊन ते सोसायटीत फिरत आणि खरखर वाढेल त्या दाराशी थांबत. मग बेल. कोणाच्या मोबाईलचा चार्जर, कोणाच्या माशांच्या टाकीचा पंप, कोणाच्या देव्हाऱ्यातली चिनी दिव्यांची माळ. बहुतेक लोक त्यांना गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस समजून आत घेत आणि नंतर पस्तावत.

घरात तर नियमच होते. कॉन्टेस्टच्या दोन दिवसांत मिक्सर नाही, इंडक्शनची शेगडी नाही, वॉशिंग मशीन नाही. वहिनी, म्हणजे ओएमच्या पत्नी, तेवढे दिवस पाट्यावर वाटण वाटत. "वाटण मस्त होतं हो," एकदा परब त्यांना म्हणाला. त्या म्हणाल्या, "होतं ना. मग वर्षभर यांनाच बसवते वाटायला." ओएमनी ऐकलं नाही. त्यांच्या कानांवर हेडफोन होते. घरातल्या बहुतेक गोष्टी त्यांना याच कारणाने ऐकू येत नसत.

त्या खोलीत दोन रेडिओ होते आणि दोन खुर्च्या. पहिला रेडिओ खिडकीशी, पुढ्यात हातांची फिरती खुर्ची. तिथे ओएम. दुसरा रेडिओ बाथरूमच्या दाराजवळ, पुढ्यात घडीची लोखंडी खुर्ची. तिथे आम्ही तिघे पाळीपाळीने. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करणारा, परब भांडुपचा, वीज कंपनीत लाइनवर, आणि सुजाता घाटकोपरची, एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी. परब खांबावर चढण्यासाठी उपयोगी, मी इंग्रजी बरं म्हणून उपयोगी. सुजाता आमच्या सर्वांपेक्षा चांगली ऑपरेटर होती. गर्दीत पाच जण एकदम ओरडले तरी त्यातली तीन नावं ती पहिल्या झटक्यात उचलायची. हे ओएमना माहीत होतं. ते तिला कधी नावाने हाक मारत नसत. 'वायएल' म्हणत, म्हणजे 'यंग लेडी'. तोही हॅमवाल्यांचाच शब्द.

"माझं नाव सुजाता आहे," ती पहिल्या वर्षी म्हणाली.

"असेल. हवेत वायएलच म्हणतात."

"आपण हवेत नाही, ओएम. मुलुंडमध्ये आहोत."

दोन रेडिओंमधला फरक केवळ खुर्चीचा नव्हता. पहिल्या रेडिओवरून ओएम 'सीक्यू' घालत, म्हणजे 'कोणीही या, बोला' अशी जाहीर हाक. सीक्यू घालणारा आपल्या जागी बसून राहतो, जग त्याच्यापुढे रांग लावतं. दुसऱ्या रेडिओवाल्याने पट्टाभर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर, भटकायचं, दुसऱ्यांच्या रांगांत उभं राहायचं, नवा देश सापडला तर चिमटीत पकडून आणायचा. एक दुकानात बसतो, दुसरा टोपली घेऊन फिरतो. सुजाताला दुकानात बसायचं होतं. आपण हाक घालावी आणि जगाने ओ द्यावी, हे तिने एकदाही अनुभवलं नव्हतं. घाटकोपरला ती भाड्याने राहायची आणि घरमालक गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा बांधू देत नव्हता, अँटेना लांबच. तिच्यासाठी हाक घालायची जागा जगात एकच होती, आणि ती बाथरूमच्या दाराशी होती.

ओएम नाही म्हणत नसत. नाही म्हणणं त्यांच्या संस्कारांत नव्हतं. ते म्हणत, "घाल ना. पण त्या रेडिओवर ऐकू काय येणार आहे तुला? आधी इंटरफिअरन्स काढ. दुसरा रेडिओ स्वच्छ झाला की तुझा. शब्द देतो."

इंटरफिअरन्स खरा होता. एकाच खोलीत दोन रेडिओ आणि एकाच गच्चीवर दोन अँटेना असल्या की एक बोलताना दुसऱ्याचे कान फुटतात. ओएम सात मेगाहर्ट्झवर बोलू लागले की त्यांच्या आवाजाची पिल्लं चौदावर आणि एकवीसवर उमटत. दुप्पट, तिप्पट, अशी. आणि संध्याकाळी दुसऱ्या रेडिओला नेमकं तिथेच काम असे, कारण युरोप तिथे उघडलेला असे. ते बोलत तोवर दुसऱ्या रेडिओवर पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज. ते थांबले की युरोप. पुन्हा खडी. ओएम थांबत फार कमी.

सुजाताने शब्द धरून ठेवला आणि कामाला लागली. पुढचे कितीतरी रविवार ती घाटकोपरहून मुलुंडला येत राहिली. दोन्ही रेडिओंना तिने फिल्टर बसवले. आपल्या पट्ट्याचं तेवढं जाऊ देणारे, बाकीचं अडवणारे. केबलचे तुकडे मापाने कापून, टोकं बंद करून मुख्य केबलला जोडले. ते दुप्पट-तिप्पटीची पिल्लं जागच्या जागी गिळतात. प्रत्येक तारेवर खरखर शोषून घेणाऱ्या फेराइटच्या काळ्या कड्या चढवल्या. दोन्ही अँटेना गच्चीच्या दोन टोकांना नेल्या. परब दोरी लावून वर, सुजाता खाली, आणि ओएम फिरत्या खुर्चीत बसून, दर थोड्या वेळाने, "काय फरक पडला?" असं विचारत. फरक पडत होता. खडीची रेती झाली. पण रेती राहिली.

"बघ," ओएम म्हणत. यात समाधान होतं. ते लपवण्याचा प्रयत्न ते करत नसत.

राहिलेल्या रेतीबद्दल त्यांचे सिद्धांत होते. शेजारच्या इमारतीचा जनरेटर. मेट्रोचं काम. एकदा तर त्यांनी, "तुझा पंजाबी ड्रेस सिंथेटिक आहे का?" असंही तिला विचारलं.

"कॉटन आहे," सुजाता म्हणाली. "आणि तुमचा सदरा टेरिकॉट आहे. काढता का?"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. वहिनी हसत होत्या.

सुजाताचं म्हणणं वेगळं होतं. फिल्टर घरात आहेत आणि कचरा घराबाहेर तयार होतोय. गच्चीवर कुठेतरी लोखंडाचा गंजलेला सांधा असणार. अँटेनाजवळच्या गंजक्या सांध्यावर जोरदार सिग्नल आदळला की तो सांधा स्वतःच छोट्या ट्रान्समीटरसारखा वागतो आणि दुप्पट-तिप्पटीची पिल्लं तिथूनच सोडतो. घरात कितीही फिल्टर लावा, त्याला काय! हे पुस्तकात आहे. ओएमकडे ते पुस्तक होतं, काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप.

ज्या दिवशी तिने ते शोधून काढलं तो दिवस मला नीट आठवतो. सकाळची वेळ होती. ओएम पहिल्या रेडिओवर बारीक पॉवरने सात मेगाहर्ट्झवर 'वन, टू, थ्री' म्हणत होते. मी दुसऱ्या रेडिओवर ऐकत होतो आणि मोबाईलवरून गच्चीला बातमी देत होतो. गच्चीवर सुजाता बोट दाखवील त्या लोखंडावर परब बांबूने ठोकत होता. पाण्याच्या टाकीची शिडी. दोऱ्यांचे अँगल. बंद पडलेल्या डिशच्या तबकड्या. रेती तशीच. आवाज ऐकून सेक्रेटरी वर गेला. मोबाईलवर मला त्याचा आवाज ऐकू आला.

"परब, नवरात्र लांब आहे. आत्तापासून दांडिया?"

"प्रॅक्टिस, शेठ," परब म्हणाला. "तुमी पण येवा. जोडी कमी पडता."

मग एक ठोका पडला आणि माझ्या कानातली रेती गेली. परत आली. पुन्हा ठोका, पुन्हा गेली.

"तेच!" मी ओरडलो. "काय ठोकलंस?"

मोबाईलवर बांबू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सुजाताचा आवाज, अगदी शांत. "बोर्ड."

तो बोर्ड म्हणजे ओएमच्या पहिल्या अँटेनाचा जुना पाईप आणि त्याला क्लॅम्पने आवळलेला पत्रा. पत्र्यावर त्यांचं सांकेतिक नाव, पृथ्वीचा गोल आणि खाली 'येथून जगाशी संवाद होतो'. उद्घाटन नगरसेवकाच्या हस्ते झालं होतं. गच्चीवरून तो फक्त कावळ्यांना आणि डोंगराच्या बाजूने येणाऱ्या माकडांना दिसे. क्लॅम्प इतके गंजले होते की बोट लावलं तर पापुद्रे सुटत.

ज्या माणसाने सबंध सोसायटीची अंगणं झाडून घेतली, त्याचा कचरा त्याच्या नावाच्या पाटीतून निघत होता. सुजाता खाली आली. तिने एवढंच सांगितलं, "ओएम, बोर्ड काढावा लागेल."

"शक्य नाही."

"क्लॅम्प गंजलेत."

"तो इतिहास आहे."

"इतिहास गंजलाय, ओएम."

ते उठले, कपाटाच्या काचेवर बोटं फिरवली आणि पुन्हा बसले. "तुझा सिद्धांत सुंदर आहे, वायएल. पण कान लागतात. ह्या पेपरवाल्याला वाटलं म्हणून गेली असं होत नाही."

पेपरवाला म्हणजे मी. त्यांनी स्वतः येऊन दुसऱ्या रेडिओवर ऐकलं नाही. दोन रेडिओंमध्ये अंतर तीन पावलांचं होतं.

तिढा परबाने सोडवला. कॉन्टेस्टच्या आदल्या आठवड्यात तो पाना घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "ओएम, बोर्ड रंगवूक नेतंय. पृथ्वी पार काळी पडली. उद्या कोण मोठो माणूस वर इलो तर काय म्हणात?" रंग हे कारण ओएमना पटलं. गंज पटला नव्हता. पृथ्वीचा निळा कोणता हवा, हेही त्यांनी सांगितलं. बोर्ड, पाईप आणि क्लॅम्प, सगळं परबाच्या भांडुपच्या घरी पलंगाखाली गेलं. दुसऱ्या रेडिओवर त्या दिवसापासून शांतता. ओएम सातावर घसा फोडून बोलत असताना चौदावर पोलंडमधला एक म्हातारा श्वास घेतो तेही ऐकू येई.

"जनरेटर दुरुस्त केलेला दिसतो," ओएम म्हणाले.

शब्द दिलेला होता. आमच्यासमोर दिलेला होता. शनिवारी संध्याकाळी युरोप उघडला आणि सुजाता लोखंडी खुर्चीत बसली. केस घट्ट बांधलेले, पाण्याची बाटली पायाशी. मी मागे स्टुलावर होतो. परब दाराच्या चौकटीत.

इथे एक यंत्र सांगायला हवं. आम्ही ज्या गटात उतरायचो त्याचा नियम असा की एका वेळी दोनपैकी एकाच रेडिओने बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबू नये म्हणून दोन रेडिओंच्या मध्ये एक पेटी होती. वहिनींच्या पोह्यांच्या डब्यात ओएमनी ती बसवलेली. जो आधी दाबेल त्याचा लाल दिवा लागतो आणि त्याने सोडेपर्यंत दुसऱ्याचा रेडिओ मुका. ऐकू सगळं येतं, बोलता येत नाही. दाबायचं ते पायाने. टेबलाखाली शिवणयंत्रासारखं छोटं पेडल. त्यामुळे खरं तर काम सोपं होतं. ओएमनी हाक घालायची, पाय उचलून ऐकायचं. ते ऐकत असताना सुजाताने हाक घालायची. फुगडीसारखं. जगातली चांगली स्टेशनं असंच करतात.

सुजाताने पहिली हाक घातली. नुसत्या आवाजातच कळलं की ती हाक तिने मनात कितीतरी वेळा घालून बघितली होती. लगेच इटली आली, तिच्या मागे जर्मनी, मग एकदम इतके की पट्टा फुलला. तिने इटलीला उत्तर दिलं. जर्मनीला दिलं. तिसऱ्याला द्यायला पाय दाबला आणि तिचा दिवा लागला नाही. ओएमचा लागलेला होता.

ती थांबली. ओएम बोलून संपले, हे आम्ही ऐकलं. दिवा विझला नाही. जर्मनीमागचा माणूस दोनदा ओरडला आणि निघून गेला. दिवा विझला. तिने हाक घातली. पुन्हा रांग आली. पुन्हा तिची पाळी आली आणि पुन्हा लाल दिवा खिडकीकडचा.

असं होत राहिलं. तिच्या हाकेला जग ओ द्यायचं आणि तिला उत्तर देता यायचं नाही. कानात एक दाणासुद्धा खरखर नव्हती. स्वित्झर्लंड, फिनलंड, कुठलंतरी बेट, सगळे स्वच्छ ऐकू येत होते. हाक घालून गप्प बसणाऱ्या स्टेशनाला वैतागून एक इंग्रज, "लिसन फर्स्ट, माय डिअर," असं म्हणून गेला.

मी ओएमकडे बघितलं. ते बोलत नव्हते. डोळे मिटून, मान मागे टाकून, खुर्चीत बसले होते. दिवा लागलेला होता.

सुजाताने हेडफोन गळ्यात घेतले, खाली वाकली आणि दोन्ही टेबलांखालून खिडकीपर्यंत बघितलं. मग सरळ झाली.

"ओएम," ती म्हणाली. "पाय."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"ओएम, पाय उचला."

"मी बोलतोय."

"तुम्ही बोलत नाही आहात. नुसता पाय ठेवलाय."

"सवय आहे."

"उचला ना मग."

आता त्यांनी डोळे उघडले. "माझा पाय माझ्या घरात आहे," ते म्हणाले.

परबाच्या तोंडातून एक मालवणी शब्द गेला, तो इथे देण्याची गरज नाही. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला नाही, तसाच धरून उभ्या राहिल्या.

"शब्द दिला होता तुम्ही," सुजाता म्हणाली.

"दिला होता. रेडिओ स्वच्छ आहे ना? ऐक की. ऐकायला कोणी मनाई केलीय? तुम्हा लोकांना बोलायची घाई फार. बोलतो तो हौशी..."

"ऐकतो तो हॅम," सुजाताने पुरं केलं. 'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, हे तिने विचारलं नाही. घाटकोपरच्या कुठल्या वस्तीत ती वाढली आणि तिच्या घराच्या भिंतीवर कोणाची तसबीर आहे हे ओएमना माहीत होतं. आपल्याला ते माहीत आहे, हे तिला कळेल असं त्यांनी पूर्वीही बोलून दाखवलं होतं. तिने हेडफोन काढून नीट गुंडाळले, खुंटीला लावले, पाण्याची बाटली घेतली. दारात वहिनींच्या ट्रेमधला एक कप उचलून तिथेच उभ्याने संपवला आणि म्हणाली, "मस्त झालाय, वहिनी."

"पुन्हा ये गं," वहिनी म्हणाल्या.

"तुमच्याकडे येईन," सुजाता म्हणाली. परब तिच्याबरोबर गेला.

त्या वर्षी ओएमनी बक्षिसाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं. बाकीच्यांनी भाग घेतला नव्हता अशा गटात ते देशात पहिले आले होते. नंतर कित्येक आठवडे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन रेडिओंमधला इंटरफिअरन्स कसा काढावा यावर व्याख्यान देत. त्यात 'मी फिल्टर बसवले' आणि 'मी सांधा शोधला' ही वाक्यं होती. पत्र्याचा बोर्ड नव्हता. तो परबाने परत आणलाच नाही. "रंग वाळता हा," एवढंच तो फोनवर सांगायचा.

मी आणखी एक कॉन्टेस्ट तिथे गेलो. तोपर्यंत ते स्टेशन निर्दोष झालेलं होतं. दोन रेडिओ, दोन अँटेना, मध्ये कणभर खरखर नाही, आणि दुसऱ्या खुर्चीत बसायला कोणी नाही. मी बसलो, मुख्यतः वहिनींनी फोन केला म्हणून.

परबाच्या बायकोचं माहेर मढला. समुद्राला लागून तिच्या भावाचं घर होतं, पुढे सुकट वाळवायचं मोकळं अंगण. सुजाताने कॉन्टेस्टपुरती तिथली एक खोली मागून घेतली आणि परबाने अंगणात बांबू उभे केले. एक रेडिओ, एक तार. पण पुढे नुसतं खारं पाणी, आणि खाऱ्या पाण्यावरून सिग्नल लांब जातो. हे मला परबाकडून आधीच कळलेलं होतं. ओएमना मी सांगितलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ओएम सात मेगाहर्ट्झवर डायल फिरवत असताना तो आवाज खोलीत आला. त्यांनी हेडफोन काढून स्पीकर लावलेला होता, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकला. हाक तीच. या वेळी मागे पाच-सहा देश एकावर एक चढलेले. ती एकेकाला उचलत होती, देत होती, सोडत होती. पुढचा. पुढचा. कुठे अडखळ नाही.

"वायएल," ओएम म्हणाले. वहिनी पदराला हात पुसत आत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

नियमाप्रमाणे देशातल्या देशात बोललेल्याला गुण नाहीत. ओएमना हे कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. असल्या बोलण्यात वेळ घालवणाऱ्यांना ते नवशिके म्हणत. त्यांनी हेडफोन चढवले, स्पीकर बंद केला, मायक्रोफोन जवळ ओढला आणि तिच्या रांगेत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कोणा ओळखीच्या माणसाच्या रांगेत. आपलं सांकेतिक नाव त्यांनी एकेक अक्षर ठासून सांगितलं.

मी दुसऱ्या रेडिओची डायल फिरवून तो तिच्याच फ्रिक्वेन्सीवर आणून ठेवला.

तिने आधी एक जपानी घेतला. मग स्पेन. ओएमनी पुन्हा नाव सांगितलं. आणि मग तिने त्यांना घेतलं. त्यांचं नाव पूर्ण उच्चारलं, सगळ्यांना म्हणते त्याच सुरात 'फाइव्ह नाइन' म्हणाली आणि उत्तरासाठी थांबली. माझ्या कानात ते मुलुंडच्याच कोणीतरी शेजारी बसून म्हटल्यासारखं आलं.

ओएम गप्प होते. डोळे मिटलेले, मान मागे. डब्यावरचा त्यांचा दिवा लाल होता. पाय खाली असला की रेडिओ बोलायच्या बाजूला असतो. तेवढा वेळ त्याला ऐकू येत नाही.

तिने त्यांचं नाव दुसऱ्यांदा घेतलं. 'फाइव्ह नाइन.' थांबली. ओएमनी पुन्हा आपलं नाव सांगायला सुरुवात केली. तिचं उत्तर न ऐकताच. ते संपवून त्यांनी पुन्हा मान मागे टाकली, पाय जिथे होता तिथेच. तिने तिसऱ्यांदा उत्तर दिलं, थोडा वेळ वाट पाहिली, 'सॉरी' म्हणाली आणि रांगेतल्या पुढच्याला घेतलं. तो कुठल्यातरी बेटावरचा होता.

वहिनी टेबलाखाली बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

ओएमनी हेडफोन काढले.

"हाका मारून दमलो," ते म्हणाले. "उत्तर देत नाही. मी आधीच सांगितलं होतं, हिला कान नाहीत."

डब्यावरचा दिवा अजून लागलेलाच होता.